वही परत कशी येणार?

पत्र असं आहे:

“ताई, मी वाईत राहते. माध्यमिक शाळेतून निवृत्त झाले आणि गेली सहा वर्षं वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर रविवारी मोडी लिपीचा वर्ग घेते. पंधरा-वीस जण येतात. अलीकडे मात्र बाहेरगावचे फोन फार वाढलेत. कुणाला घरातले जुने कागद वाचायचेत, कुणाला आरक्षणासाठी जुन्या कुणबी नोंदी शोधायला मोडी हवीय, कुणाला नुसती हौस. नाशिक, सोलापूर, बेंगळुरू, आणि दोघी तर न्यू जर्सीच्या. म्हणून दसऱ्यापासून फोनवरून दहा आठवड्यांचा वर्ग सुरू करायचं ठरवलं. फी दीड हजार. ३८ नावं आली. आता घोळ सुरू झालाय. भाचा म्हणतो, टेलिग्रामवर चॅनेल काढ, चाळीस व्हिडिओ टाक, लोक आपापले बघतील. मैत्रीण म्हणते, व्हॉट्सॲपचा ग्रुप कर आणि रोज एक धडा टाक. जावई म्हणतात, सगळं लाइव्ह घ्या. एका कंपनीचा माणूस वर्षाला अठरा हजारांत ‘तुमचं स्वतःचं ॲप’ देतो म्हणून तीनदा फोन करून झाला. आणि व्हिडिओ एकदा बाहेर गेले की फुकट फिरतील, ही धास्ती वेगळीच. यातलं काय करू? — एक मोडी शिक्षिका, वाई”

नमस्कार बाई,

तुमचा भाचा, मैत्रीण, जावई आणि तो कंपनीवाला, चौघांनाही एकच काळजी आहे: धडा तुमच्याकडून विद्यार्थ्यापर्यंत कसा पोचवायचा. तो पोचेल हो. आजकाल काहीही कुठेही पोचतं. मोडीच्या वर्गात खरी अडचण उलट दिशेची आहे. विद्यार्थ्याने गिरवलेला कित्ता तुमच्या डोळ्यांखाली कसा यायचा आणि तुमच्या लाल खुणांसकट त्याच्याकडे कसा परत जायचा? वाचनालयातल्या खोलीत तुम्ही बाकांमधून फिरता, कुणाच्या वहीवर वाकून म्हणता, “हात उचलू नका, पुढे चला.” त्या फिरण्यावाकण्याची सोय ज्या पद्धतीत होईल ती तुमची पद्धत. बाकीचं मग आपोआप ठरत जातं.

म्हणून आधी हिशेब करू. ३८ जण, आठवड्याला तीन धडे, प्रत्येक धड्याचा एक कित्ता. एका वहीला तीन मिनिटं धरा. फोटो उघडायचा, मोठा करायचा, खुणा करायच्या, दोन शब्द बोलायचे, म्हणजे तीन लागतातच. आठवड्याला ३४२ मिनिटं झाली, पावणेसहा तासांच्या घरात. तेही फोनच्या पडद्यावर डोळे ताणून. दोन आठवडे तुम्ही उत्साहाने कराल. तिसऱ्यात “छान!” असा अंगठा पाठवायला लागाल, आणि विद्यार्थ्यांना तो अंगठा बरोबर कळतो. कित्ते आठवड्याला दोनच ठेवलेत तर २२८ मिनिटं, पावणेचार तास. हे जमण्यासारखं आहे. धडे तीन असू द्यात, पण त्यातला एक नुसता वाचनाचा, वही न मागणारा. चाळीसपेक्षा एकही नाव वाढवू नका. मागाहून कुणी आलं तर पुढच्या तुकडीत. ‘केव्हाही या, केव्हाही सुरू करा’ हे तर मुळीच नको. कारण मग कुणी बाराखडीवर, कुणी जोडाक्षरांवर, कुणी पेशवाईतल्या पत्रावर, आणि तुम्ही पोस्टमनसारख्या दारोदार.

आता टेलिग्राम. भाच्याचं अगदीच चूक नाही. चॅनेलला सदस्यांची मर्यादा नाही, ग्रुपमध्ये दोन लाख माणसं बसतात, २ जीबीपर्यंतची फाइल जाते, मेसेज वेळ लावून ठेवता येतो. उशिरा आलेल्यालाही आधीचे सगळे धडे दिसतात, आणि एकमेकांचे नंबर लपवता येतात. फॉरवर्ड आणि सेव्ह बंद करायची सोयही आहे. लाखभर मुलांना स्पर्धा परीक्षेच्या नोट्स वाटणाऱ्यासाठी हे उत्तम कपाट आहे. पण तुमच्या ३८ जणांतले किती जण टेलिग्राम रोज उघडतात? विचारून बघा. तुमच्याकडे येणारी माणसं मी तुमच्या पत्रावरून डोळ्यांसमोर आणली तर निम्मीअधिक पन्नाशीपुढची असणार. त्यांच्या फोनमध्ये ते ॲप नवीन घालायचं, ओटीपी घ्यायचा, त्याच्या सूचना चालू ठेवायच्या. पहिल्या आठवड्यात तुम्ही मोडीऐवजी टेलिग्रामच शिकवत बसाल. आणि चाळीस व्हिडिओ ‘आपापले बघतील’ हे तर आपल्या सगळ्यांच्याच बाबतीत खोटं आहे. माझ्या फोनमध्ये योगासनांचे किती व्हिडिओ साठवलेत ते मी सांगणार नाही.

तेव्हा व्हॉट्सॲपच. पण मैत्रीण म्हणते तसा एकच मोठा ग्रुप नको. ग्रुपमध्ये १०२४ जण मावतात म्हणून ३८ जणांचा ग्रुप छोटा, असं नसतं. गप्पांच्या दृष्टीने ३८ म्हणजे लग्नाची वरात. एकाने कित्ता टाकला की दहा जणांचे “वा!”, मग कुणाचं सुप्रभात, मग गुलाबाचं फूल, आणि त्याखाली तुमचा धडा गाडला गेलेला.

त्यापेक्षा व्हॉट्सॲपची कम्युनिटी, म्हणजे अनेक ग्रुपांची एक मोट, काढा. भाच्याला इथे कामाला लावा, दहा मिनिटांचं काम आहे. कम्युनिटीत वरती एक घोषणांचा ग्रुप आपोआप तयार होतो. त्यात फक्त ॲडमिन लिहितो, आणि सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. तो तुमचा फळा. धडे तिथेच, दुसरं काही नाही. त्याखाली चार छोटे ग्रुप करा, नऊ-दहा जणांचे. त्यांना ‘पंगत’ म्हणा, पहिली पंगत, दुसरी पंगत. वह्या तिथे यायच्या. नऊ जणांत माणूस बोलतो, चुका दाखवायला लाजत नाही, आणि एखादी चार दिवस दिसली नाही तर शेजारीण विचारते. या छोट्या ग्रुपमध्ये मात्र नंबर एकमेकांना दिसतात. ते आधी सांगा, संमती घ्या. एखादीला अनोळखी पुरुषांपुढे नंबर नको असेल तर एक पंगत फक्त बायकांची करा. ही सोय मागायला बायका संकोचतात, म्हणून त्यांनी मागायची वाट न बघता तुम्हीच विचारलेलं बरं.

ब्रॉडकास्ट लिस्टचा मोह कुणी घातला तर माझा किस्सा आठवा. मी आयुष्यभर मुद्रितशोधनाचं, म्हणजे प्रुफं तपासायचं, काम केलं. २०२० च्या टाळेबंदीत घरी बसून त्याचाच वर्ग व्हॉट्सॲपवर काढला. ग्रुपचा गोंगाट नको म्हणून ब्रॉडकास्ट लिस्ट केली: एकदा पाठवलं की सगळ्यांना वेगवेगळं जातं, काय सुंदर! नऊ दिवस मी धडे पाठवत होते. दहाव्या दिवशी जळगावहून एकीचा फोन आला, “मॅडम, वर्ग सुरू कधी होणार?” मी जवळजवळ रागावलेच. नंतर कळलं, ब्रॉडकास्टचा मेसेज ज्याने तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केलाय त्यालाच मिळतो. ४३ जणांपैकी ११ जणांना एक अक्षर पोचलं नव्हतं. त्यांना वाटत होतं ही बाई पैसे घेऊन गप्प बसली, आणि मला वाटत होतं हे लोक आळशी आहेत. एका लिस्टमध्ये २५६ जणच बसतात हे तर नंतरचं. व्हॉट्सॲपचं चॅनेलही तुमच्या उपयोगाचं नाही. ती दवंडी आहे. वही उलट येण्याची वाटच तिथे नाही.

आता धडा कसा असावा. तुम्ही हे विचारलेलं नाही, पण ‘कुठे’पेक्षा ‘कसा’त जास्त माणसं गळतात.

मोडी टाइप करून पाठवायचा विचार असेल तर सोडून द्या. २०१४ साली मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली, फॉन्टही निघाले, पण समोरच्याच्या फोनमध्ये तो फॉन्ट नसला की त्याला रिकामे चौकोन दिसतात. आणि छापील वळणाची मोडी शिकून जुन्या कागदपत्रांतली मोडी वाचता येत नाही, हे तुम्हाला मी काय सांगावं? तेव्हा तुमचा हातच दाखवा. तोंड दिसायची गरज नाही, नमस्कार-चमत्कार नको, “आज आपण बघणार आहोत” नको. कागद, बोरू आणि हात, दीड मिनिट.

त्यासाठी ट्रायपॉड विकत घेऊ नका. स्वयंपाकघरातले दोन सारख्या उंचीचे उंच डबे घ्या, रव्याचा आणि पोह्यांचा चालेल. त्यांवर दोन फूटपट्ट्या समांतर आडव्या टाका, मध्ये बोटभर फट ठेवा. फोन पट्ट्यांवर, कॅमेरा खाली, बरोबर फटीवर. खाली हात फिरायला वीतभर जागा राहते. तुम्ही उजव्या हाताने लिहीत असाल तर खिडकी डावीकडे हवी, नाहीतर हाताची सावली अक्षरावर पडते आणि नेमकं वळण काळोखात जातं. बॉलपेन नको. व्हॉट्सॲप व्हिडिओ दाबून लहान करतं, त्यात बारीक रेघ विरघळते. बोरू, नाहीतर कापलेल्या निबचं पेन, अक्षरं नेहमीपेक्षा दुप्पट मोठी. आधी पानभर शिरोरेघ ओढताना दाखवा, मग तिला अक्षरं टांगताना. देवनागरीत आपण शब्द लिहून वर रेघ मारतो आणि मोडीत रेघ आधी येते, ही गोष्ट शंभर वेळा सांगून डोक्यात बसत नाही. हात एकदा बघितला की बसते.

जुन्या पत्रांचे फोटो मात्र फोटो म्हणून पाठवू नका, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. फोटो म्हणून गेला की तो दाबला जातो, आणि विद्यार्थी दोन बोटांनी मोठा करायला गेला की शाईच्या ठिकाणी नुसता भुरका. डॉक्युमेंट जसंच्या तसं जातं. हे एवढं एक केलंत तरी निम्म्या तक्रारी मिटतील. विद्यार्थ्यांनाही वह्या तशाच पाठवायला शिकवा. आणि वरून सरळ काढलेला फोटो हवा, अंथरुणात लोळून तिरका काढलेला नको, हेही सांगावं लागतं.

वाचनाच्या धड्याला व्हॉइस मेसेज वापरा. मोडीत शब्द तोडून लिहिलेले नसतात, विरामचिन्हं नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. कुठे थांबायचं हे डोळ्याआधी कानाला कळतं. पत्राची चार ओळींची प्रतिमा पाठवा आणि त्याच चार ओळी तुमच्या आवाजात, सावकाश. “विज्ञापना ऐसीजे” या जुन्या पत्रांतल्या ठरावीक शब्दांपाशी थांबलात की ऐकणाऱ्याचं बोट कागदावर तिथेच थांबतं. दहा वेळा ऐकून माणूस पुढच्या पत्रातले शब्द स्वतः तोडायला लागतो. फक्त त्यांना सांगा, आवाज दीडपट-दुप्पट वेगाने ऐकू नका. हल्ली सगळे सगळंच पळवून ऐकतात, नवऱ्याचा निरोपसुद्धा.

रोज धडा नको. सोमवार, बुधवार, शुक्रवार, रात्री नऊला, ठरलेल्या वेळी. रोजच्या धड्याची गंमत अशी असते की घरात पाहुणे आले, चार दिवस गेले, चार धडे साठले. माणूस आधी म्हणतो रविवारी सगळं करते. मग ग्रुप म्यूट करतो. मग त्याला ग्रुप उघडायचीच लाज वाटते, आणि तो न भांडता, न सांगता निघून जातो. तीन धड्यांत श्वास घ्यायला जागा आहे. धड्यांची यादी क्रमांकासह एका मेसेजमध्ये लिहून तो पिन करून ठेवा. पिन जास्तीत जास्त ३० दिवस टिकते, तेव्हा महिन्याने पुन्हा करावी लागेल. भिंतीवर लिहून ठेवा, नाहीतर विसराल.

चाचणीसाठी मतदानाची सोय वापरायचा मोह होईल: शब्दाचं चित्र आणि चार पर्याय. करोनाच्या वर्षात, २०२० च्या नोव्हेंबरात, राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘स्वाध्याय’ नावाने शाळेच्या मुलांसाठी व्हॉट्सॲपवर दर आठवड्याची प्रश्नमंजूषा सुरू केली होती. पण ती यंत्राकडून एकेका मुलाला वेगळी जायची. ग्रुपमधल्या मतदानात कुणी काय उत्तर दिलं ते सगळ्यांना दिसतं. साठीच्या माणसाला दहा जणांत चुकीच्या पर्यायावर आपलं नाव बघायला आवडत नाही, आणि मग तो आधी चौघांची उत्तरं बघतो आणि पाचवं देतो. त्यापेक्षा उत्तर तुम्हाला खासगीत मागवा.

लाजेवरून आणखी एक. माझ्या त्याच वर्गात, ब्रॉडकास्ट सोडून ग्रुप केल्यावर, महसूल खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. त्यांनी मोठ्या हौसेने पहिलं मुद्रित तपासून टाकलं. मी त्यावर सतरा लाल गोल केले आणि सगळ्यांना उपयोग व्हावा म्हणून ग्रुपवर टाकलं. संध्याकाळी ते ग्रुप सोडून गेले. चाळीस वर्षं ज्यांनी दुसऱ्यांच्या कागदांवर शेरे मारले त्यांच्या कागदावर मी चारचौघांत शेरा मारला होता. मी फोन केला, माफी मागितली, ते आले नाहीत. तेव्हापासून नियम केला: पहिले दोन आठवडे दुरुस्ती खासगीत. नंतर ग्रुपवर दाखवायचीच असेल तर फक्त ती ओळ कापून, नाव न सांगता, आणि तीच चूक किमान तिघांनी केलेली असेल तरच. व्हॉट्सॲपमध्येच फोटो पाठवायच्या आधी त्यावर बोटाने रेघ काढायची पेन्सिल आहे, लाल रंगही आहे. वहीचा फोटो सेव्ह केला, पेन्सिलने खूण केली, परत पाठवला, बास. वेगळं ॲप नको.

जावयांचं लाइव्ह. आठवड्यातून एकदाच, रविवारी, आणि तेही शिकवायला नव्हे. एकत्र वाचायला. एका पत्राची एक ओळ एकाने वाचायची, पुढची पुढच्याने. गूगल मीटवर फुकटात तास मिळतो, झूमवर चाळीस मिनिटं. व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलमध्ये तुम्हाला धरून ३२ जणच बसतात, तुमचे सात जण बाहेर राहतील. वेळ संध्याकाळी साडेसातची ठेवा. तेव्हा न्यू जर्सीत सकाळचे दहा वाजलेले असतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळं तासाने मागे जातात, मग तोच वर्ग त्यांच्याकडे सकाळी नऊला येईल, हे त्या दोघींना आठवण करून द्या. सकाळी दहाचा वर्ग ठेवलात तर त्यांना मध्यरात्री साडेबाराला मोडी वाचावी लागेल. दिवाळीचा एक आठवडा पूर्ण सुट्टी. फराळाच्या हातांनी बोरू धरवत नाही.

कंपनीच्या माणसाला नम्रपणे नाही म्हणा. ३८ जणांची फी होते सत्तावन्न हजार. त्यातले अठरा हजार म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा अशा दुकानाला, ज्यात तुमच्याकडे विकायला अजून मालही भरलेला नाही. दोन-तीन तुकड्या झाल्या, तेच तेच धडे पुन्हा लागतात असं दिसलं, की मग विचार करा. आत्ता खर्च करायचाच असेल तर एक वेगळं सिमकार्ड घ्या आणि त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस टाका. ते फुकट आहे. त्यात ठरावीक उत्तरं साठवता येतात (“वर्ग कधी, फी किती” हे तुम्हाला दोनशे वेळा लिहावं लागणार आहे), आणि माणसांना लेबलं लावता येतात: ‘वही आली’, ‘वही बाकी’. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे रात्री दहानंतर तो फोन बंद करता येतो.

चोरीची धास्ती. ती खोटी नाही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने टेलिग्रामला आदेश दिला, की एका शिक्षिकेचे व्हिडिओ आणि पुस्तकं परवानगीशिवाय वाटणाऱ्या चॅनेलवाल्यांची माहिती द्या. नोव्हेंबरपर्यंत कंपनीला ती द्यावी लागली. म्हणजे कायदा आहे, पण त्या वाटेने जायला वकील आणि वर्षं लागतात. फॉरवर्ड बंद करा, एकदाच दिसणारे व्हिडिओ पाठवा, काहीही करा. समोर दुसरा फोन धरून चित्रित करणाऱ्याला कोण अडवणार? आणि एकदाच दिसणारा व्हिडिओ तर कित्ता गिरवणाऱ्याच्या काय कामाचा? त्याला तो वीस वेळा बघायचाय. माझं मत विचाराल तर फिरू द्यात. तुमचा दीड मिनिटांचा ‘क’ कुणी फुकट बघितला तर तो पुढच्या तुकडीत फी भरायची शक्यताच जास्त. मोडी तुमच्या आमच्या मालकीची नाही. दीड हजार लोक देणार आहेत ते वहीवरच्या लाल खुणेसाठी, आणि ती खूण कुणाला फॉरवर्ड करता येत नाही. व्हिडिओच्या कोपऱ्यात कागदावरच तुमचं नाव लिहून ठेवा, झालं.

त्यापेक्षा मला दुसऱ्या गळतीची काळजी वाटते. २०२३ च्या सप्टेंबरात न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, जुन्या दप्तरांतून कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली, आणि मोडी वाचणाऱ्याला एकदम मागणी आली. तुमच्या ३८ जणांतले काही जण त्यासाठीच येतायत. दुसऱ्याच आठवड्यात कुणीतरी पंगतीत पणजोबांच्या नावाचा कागद टाकेल, “बाई, एवढं वाचून द्या.” त्यात जात आहे, जमीन आहे, भाऊबंदकी आहे. नऊ अनोळखी फोनांत तो कागद जाऊन बसला की परत येत नाही. पहिल्याच दिवशी लिहून टाका: घरचे कागद ग्रुपवर टाकायचे नाहीत. वाचून द्यायचं काम वर्गाच्या फीत नाही, ते वेगळं, खासगीत, आणि त्याचे वेगळे पैसे. संकोच वाटेल, पण नियम नसेल तर दहा आठवडे तुम्ही फुकटच्या वाचक होऊन बसाल. शेवटी वर्गाचं प्रमाणपत्र देणार असाल तर त्यावर आणि पहिल्या सूचनेतही स्पष्ट लिहा, की हे अभ्यास पूर्ण केल्याचं पत्र आहे, सरकारी कामासाठीची मान्यता नव्हे. सरावासाठी तुम्ही जी पत्रं वापरता त्यांच्या नकला कुठल्या अभिलेखागारातून किंवा संस्थेतून घेतल्या असतील तर त्या वाटण्याआधी तिथे एकदा विचारा. वाचनालयातल्या खोलीत एक झेरॉक्स फिरवणं आणि ३८ फोनांत फाइल टाकणं यात फरक आहे.

आता दसऱ्याच्या आधीच्या रविवारचं काम सांगते. अजून फीची शेवटची तारीख जाहीर करू नका. आधी ३८ जणांना तुमचा नवा नंबर सेव्ह करायला सांगा, कम्युनिटीत घ्या, पंगती पाडा. मग फळ्यावर एकच चाचणी धडा टाका: दीड मिनिटाचा व्हिडिओ, शिरोरेघ कशी ओढायची आणि तिच्याखाली फक्त तुमचं स्वतःचं पहिलं नाव मोडीत, हात न उचलता. सोबत ३८ जणांची पहिली नावं तुम्ही मोडीत लिहिलेला एक कागद, डॉक्युमेंट म्हणून. प्रत्येकाने आपलं नाव शोधायचं, दहा वेळा गिरवायचं, वही वरून सरळ टिपायची आणि पंगतीत टाकायची. गुरुवार रात्रीपर्यंत.

या एका फेरीत सगळं कळेल: कुणाला धडा पोचला नाही, कुणाला डॉक्युमेंट उघडता आलं नाही, कुणाचा फोटो काळा येतो, कुणी चुकून वहीऐवजी सुप्रभात टाकलं. आणि तुम्हालाही एका वहीला खरंच तीन मिनिटं लागतात की पाच, ते घड्याळ लावून बघता येईल. पाच लागली तर ३८ वरून २५ वर या, उरलेल्यांना संक्रांतीची तुकडी द्या. गुरुवारपर्यंत ज्यांचं नाव आलं नसेल त्यांना मेसेज करू नका, शुक्रवारी सकाळी सरळ फोन लावा. न्यू जर्सीच्या दोघींना मात्र संध्याकाळी.